लॅक्रोस, कार्लाइल आणि आपल्या आश्रमशाळा: खेळाचा 'प्रोग्राम' टिकतो कशामुळे?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

  कोणी बसमध्ये ऐकत असेल, कोणी होस्टेलच्या गच्चीवर नेटवर्क शोधत. 

आजचा विषय ऐकून म्हणाल, काऊन बे, हे काय नवीन काढलं? विषय आहे लॅक्रोस. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा खेळ खेळणारा माणूस सापडणं म्हणजे ताडोब्यात पेंग्विन सापडण्यासारखं. पण थांबा, स्किप करू नका. हा मुळात जंगलात राहणाऱ्या लोकांचा खेळ आहे. तो विद्यापीठांमध्ये कसा गेला, तिथे शंभर वर्षं कसा टिकला आणि ज्यांचा होता त्यांचं काय झालं, हे सगळं आपल्या दोन जिल्ह्यांच्या फार कामाचं आहे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. कुठलीही सिस्टीम दिसली की ती चालते कशावर आणि बंद पडते कशाने, हे बघायची सवय आहे. आज तेच करू.

आधी खेळ काय ते सांगतो. लांब काठी, काठीच्या टोकाला जाळी. त्या जाळीत चेंडू झेलायचा, पळवायचा, फेकायचा आणि समोरच्याच्या गोलमध्ये टाकायचा. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये लॅक्रोस परत येतोय. आपलं क्रिकेटही त्याच ऑलिम्पिकमध्ये आहे, त्यामुळे तेव्हा टीव्हीवर कुठेतरी दिसेलच.

हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. त्यातही हौडेनोसौनी नावाचा सहा राष्ट्रांचा एक संघ आहे, ज्यांना बाहेरचे लोक इरोक्वा म्हणायचे. त्यांच्यासाठी हा नुसता खेळ नव्हता, आजही नाही. निर्मात्याने दिलेला खेळ असं ते मानतात. कोणी आजारी असेल तर त्याला बरं वाटावं म्हणून खेळायचे. दोन गटांत भांडण असेल तर ते मिटवायला खेळायचे. हिकरी नावाच्या झाडाची काठी, हरणाच्या कातड्याची जाळी. एकेका सामन्यात शेकडो माणसं आणि मैदान म्हणजे अख्खं रान. 'लॅक्रोस' हे नाव फ्रेंच लोकांनी दिलं.

मग १८६७ साली मॉन्ट्रियलमधल्या विल्यम जॉर्ज बीअर्स नावाच्या दंतवैद्याने या खेळाचे नियम लिहून काढले. एका बाजूला किती माणसं, मैदान केवढं, चेंडू रबराचा. आपल्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या कोडचं डॉक्युमेंटेशन लिहिलं आणि रिपॉझिटरी आपल्या नावावर केली. १८७६ मध्ये मोहॉक खेळाडूंना इंग्लंडला नेऊन राणी व्हिक्टोरियासमोर खेळवलं. आणि चारच वर्षांनी, १८८० मध्ये, कॅनडाच्या लॅक्रोस संघटनेने मूळ रहिवासी खेळाडूंना अजिंक्यपदाच्या स्पर्धांतून बाहेर काढलं. कारण काय, तर हे लोक खेळायचे पैसे घेतात, म्हणजे हे हौशी नाहीत. आता ज्याच्याकडे प्रवासाला पैसे नाहीत, तो पैसे घेतल्याशिवाय सामन्याला पोचणार कसा? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे भामरागडला परत विचारायचाय.

एकीकडे हे, दुसरीकडे कॉलेजं. अमेरिकेत १८७७ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन कॉलेजांमध्ये लॅक्रोसचा सामना झाला आणि हळूहळू तो शिकलेल्या, पैसेवाल्या घरांतल्या पोरांचा खेळ झाला.

आता एक शाळा सांगतो. पेनसिल्व्हेनियातली कार्लाइल. १८७९ साली सुरू झालेली निवासी शाळा, फक्त मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी. मुलांना घरापासून शेकडो, कधी हजारो किलोमीटर लांब आणायचं, आल्या आल्या केस कापायचे, नाव बदलायचं आणि स्वतःच्या भाषेत बोलायला बंदी. मूल जगलं पाहिजे पण त्याच्यातला 'इंडियन' राहिला नाही पाहिजे, हेच शाळा काढणाऱ्या अधिकाऱ्याचं धोरण होतं. गंमत बघा, कसली गंमत, वाईटच म्हणा. याच शाळेने १९१० मध्ये बेसबॉल बंद करून लॅक्रोसची टीम काढली. म्हणजे ज्या पोरांना आपली भाषा बोलायची परवानगी नाही, त्यांना त्यांच्याच लोकांचा खेळ शाळेच्या जर्सीत खेळायला दिला. जिम थॉर्प याच शाळेचा. १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये पेंटाथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं. पुढच्याच वर्षी ती काढून घेतली, कारण त्याने पूर्वी थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. परत तेच कारण! दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव ऑलिम्पिक समितीने पुन्हा लावलं ते २०२२ मध्ये. एकशे दहा वर्षं लागली. शाळा तर १९१८ मध्येच बंद झाली आणि तिच्याबरोबर तो लॅक्रोसचा प्रोग्रामही संपला.

आता दुसरं उदाहरण, सिरॅक्यूज विद्यापीठ. हे उभं आहे ऑनोंडागा लोकांच्या मूळ जमिनीवर. ऑनोंडागा म्हणजे त्या सहा राष्ट्रांपैकी एक. इथे लॅक्रोसची टीम १९१६ मध्ये सुरू झाली. माझ्या डोक्यात बसलेला आकडा सांगतो. १९३१ ते २०२१ या नव्वद वर्षांत या टीमला मुख्य कोच किती झाले असतील? तीन. फक्त तीन! रॉय सिमन्स १९७० पर्यंत, नंतर त्यांचाच मुलगा १९९८ पर्यंत आणि मग जॉन डेस्को, जो स्वतः याच टीममध्ये खेळलेला. त्याच्या जागी आला तो गॅरी गेट, तोही इथलाच जुना खेळाडू.

१९५७ मध्ये ही टीम एकही सामना हरली नाही. त्या टीमचा गोलकीपर होता ओरेन लायन्स, ऑनोंडागा माणूस. हाच लायन्स पुढे आपल्या लोकांचा मोठा प्रवक्ता झाला. १९८३ मध्ये हौडेनोसौनींची स्वतःची राष्ट्रीय टीम उभी राहिली, त्यात त्याचा मोठा वाटा. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला ही टीम आपल्या स्वतःच्या झेंड्याखाली जागतिक स्पर्धा खेळली. २०१० मध्ये इंग्लंडने त्यांचे स्वतःचे पासपोर्ट मान्य केले नाहीत, तेव्हा त्यांनी दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला नाही, स्पर्धा सोडून दिली. आणि २००६ पासून सिरॅक्यूज विद्यापीठात हौडेनोसौनी मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, पात्र ठरला तर शिक्षणाचा खर्च विद्यापीठ उचलतं.

सगळं गोड झालं असं म्हणत नाही मी. सगळी जमीन काही परत मिळाली नाही. पण फरक बघा. एका ठिकाणी शाळा होती, टीम होती, जगातला सगळ्यात भारी खेळाडू होता, तरी काही उरलं नाही. दुसऱ्या ठिकाणी खेळाडू गेला, शिकला, परत आला आणि त्याने पुढची टीम उभी केली.

आता या आपल्या जंगलात.

गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये, चंद्रपूर तोडून. विद्यापीठ मात्र २०११ पर्यंत नागपूरचंच. गोंडवाना विद्यापीठ सप्टेंबर २०११ मध्ये स्थापन झालं, मुख्यालय गडचिरोली, कार्यक्षेत्र फक्त हे दोन जिल्हे. तेव्हा लोक बोलले ते डिग्री, निकाल, मार्कशीट याबद्दल. मार्कशीटसाठी नागपूरच्या चकरा वाचल्या, हे खरंच. पण खेळाच्या दृष्टीने काय झालं ते फार कमी लोकांनी मांडलं.

आंतरविद्यापीठ स्पर्धेत एका विद्यापीठाची एका खेळात एकच टीम जाते. हे साधं गणित आहे. २०११ च्या आधी सिरोंच्याच्या कबड्डीवाल्या पोराला विद्यापीठाच्या टीममध्ये यायचं असेल तर नागपूर शहरातल्या, वर्ध्यातल्या, भंडारा-गोंदियातल्या सगळ्यांशी स्पर्धा करून त्या एका टीममध्ये शिरायचं. आणि सिरोंचा ते नागपूर अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. २०११ नंतर या दोन जिल्ह्यांची स्वतःची टीम. कबड्डीची वेगळी, खो-खोची वेगळी, ॲथलेटिक्सची वेगळी. म्हणजे एका सरकारी आदेशाने शेकडो पोरापोरींसाठी विद्यापीठाची जर्सी अंगावर येण्याची शक्यता तयार झाली. ही छोटी गोष्ट नाही मंडळी. त्या जर्सीचं एक सर्टिफिकेट असतं आणि महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोणतं सर्टिफिकेट कुठल्या पदाला चालतं याचे नियम आहेत, ते नीट वाचा. पण आपल्याकडे पोलीस भरती आणि वनरक्षक भरती म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

कॉलेजच्याही आधी एक पायरी आहे, आश्रमशाळा. आदिवासी विकास विभागाच्या स्पर्धा कशा चालतात? आधी बीट, मग प्रकल्प, मग विभाग, मग राज्य. आपल्याकडे चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड असे पाच प्रकल्प. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हँडबॉल, धावणं. स्पर्धेच्या दिवसांत मैदानाभोवती जी गर्दी असते आणि जो आवाज असतो, तो आयपीएलला नाही बे. लॅक्रोसवाल्यांकडे जे नैसर्गिकपणे होतं, म्हणजे गावच्या गाव खेळ बघायला येणं, ते आपल्याकडे आहे.

या आश्रमशाळांमधूनच २०१८ मध्ये ती गोष्ट घडली जी सगळ्यांना माहीत आहे. मिशन शौर्य. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनाचा उपक्रम, तेव्हा जिल्हाधिकारी आशुतोष सलिल होते. ऑगस्ट २०१७ मध्ये ट्रेनिंग सुरू झालं. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख. गाळत गाळत दहा जणांची टीम राहिली. आणि १६ मे २०१८ ला त्यातले पाच जण एव्हरेस्टवर उभे होते. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे, विकास सोयाम. जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो त्या जिल्ह्यातली पोरं, ज्यांनी वर्षभरापूर्वी बर्फ फक्त पुस्तकात पाहिला असेल, ती ८८४८ मीटरवर. दहा महिन्यांत! त्याच महिन्यात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांची नावं घेतली. बक्षिसं जाहीर झाली, नोकरीच्या घोषणा झाल्या. २०१९ मध्ये मिशन शौर्यचा दुसरा टप्पा झाला, त्यात राज्यातल्या इतर आश्रमशाळांची मुलंही शिखरावर पोचली.

ही कल्पना एकदम आकाशातून पडली नव्हती. आपल्या सीमेपलीकडे, गोदावरी ओलांडली की तेलंगणा. तिथल्या समाजकल्याण निवासी शाळांनी २०१४ मध्येच हे करून दाखवलं होतं. निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा २५ मे २०१४ ला एव्हरेस्टवर गेली, वय तेरा वर्षं अकरा महिने. तिच्याबरोबर आनंद कुमार. त्या शाळांचे सचिव होते आर. एस. प्रवीण कुमार, आयपीएस अधिकारी. आणि पूर्णाचं पुढे काय झालं? ती एव्हरेस्टवर थांबली नाही. २०२२ मध्ये तिने सातही खंडांतली सर्वोच्च शिखरं पूर्ण केली. आठ वर्षं ती चढत राहिली, म्हणजे आठ वर्षं कोणीतरी तिच्या मागे उभं होतं.

आता माझा मुद्दा. मिशन आणि प्रोग्राम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिशनला शिखर असतं, तारीख असते, फोटो असतो. प्रोग्रामला कॅलेंडर असतं. मिशन एखाद्या धडाडीच्या अधिकाऱ्यामुळे उभं राहतं आणि ते चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण अधिकाऱ्याची दोन-तीन वर्षांत बदली होते. कोच मात्र नव्वद वर्षांत तीनच, ही सिरॅक्यूजची गंमत. आमच्या भाषेत, डेमो झकास झाला म्हणजे प्रॉडक्ट तयार झालं असं नाही. डेमोनंतर त्याला रोज सांभाळायला माणूस लागतो, तो पगारी लागतो आणि तो गेला तर दुसरा यायची सोय लागते.

मी स्वतः बल्लारपूरचा. आमच्या शेजारी विसापूरला मोठं क्रीडा संकुल झालंय, डिसेंबर २०२३ मध्ये तिथे राष्ट्रीय शालेय ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. एकोणीस वर्षांखालची देशभरची पोरं आपल्या मातीत धावली. सिंथेटिक ट्रॅक आपल्याकडे आलाय, म्हणजे हार्डवेअर आलंय. प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे, आणि सॉफ्टवेअर म्हणजे तारखा, माणसं, बसचं तिकीट.

तारखांचं उदाहरण देतो. मी ज्या कॉलेजात बीटेक केलं, त्याचं नाव घेत नाही, तिथे व्हॉलीबॉलच्या ट्रायलची नोटीस ट्रायल झाल्यावर दोन दिवसांनी बोर्डावर लागली होती. सही-शिक्का सगळं बरोबर, फक्त तारीख होऊन गेलेली. शहरातल्या कॉलेजात हे होत असेल तर विचार करा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दिवस पावसाळ्याच्या शेपटाला सुरू होतात. त्या वेळी भामरागडची अवस्था काय असते? पर्लकोटाला पूर आला की रस्ता बंद, ही दर वर्षीची बातमी. गडचिरोलीला ट्रायल सकाळी आठला, म्हणजे आदल्या दिवशीच निघायचं. राहायचं कुठे, जेवायचं काय, भाडं कोण देणार? आणि हे पैसे त्याने कुठल्या तरी गावच्या कबड्डी टुर्नामेंटमध्ये बक्षीस जिंकून जमवले, तर तो वाईट का? १८८० चा प्रश्न हाच होता.

म्हणून मला वाटतं, टिकणाऱ्या प्रोग्रामला चार गोष्टी लागतात. एक, दर वर्षी त्याच आठवड्यात येणारी, सगळ्यांना आधी कळणारी तारीख. दोन, प्रवास आणि मुक्काम यांची सोय, आणि तीही नंतर बिल लावून मिळणारी नको, आधी हातात येणारी. तीन, परत येण्याचा रस्ता. जो खेळून गेला त्याला कोच म्हणून परत यायची जागा. एव्हरेस्टवर गेलेल्या पोरांकडून आश्रमशाळेतली पुढची पोरं शिकली तर त्या शिखराची किंमत दरवर्षी वाढत जाईल. चार, भाषा आणि मान. मैदानावर गोंडी किंवा माडिया बोललं म्हणून कोणी हसणार नाही, ही साधी गोष्ट. आपली आश्रमशाळा म्हणजे कार्लाइल, असं मी अजिबात म्हणत नाही. हेतूच वेगळा आहे. पण घरापासून लांब, दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या मुलाच्या मनात काय चालतं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच विचारावा लागतो. पोरगं स्वतःला लपवून खेळत असेल तर ते मेडल आणेल, पण टीम उभी करायला परत येणार नाही.

कोणी म्हणेल, रस्ते नाहीत, दवाखाने लांब आहेत आणि हा खेळाचं घेऊन बसलाय. बरोबर आहे. रस्ता आधी पाहिजे, दवाखाना आधी पाहिजे. पण हे 'आधी ते, मग हे' असं चाललं तर खेळाचा नंबर कधीच लागत नाही. आणि आपल्या भागात पोरगं दहावी-बारावीनंतर शाळा सोडतं की राहतं, यात मैदानाचा हात किती असतो ते कुठल्याही आश्रमशाळेतल्या सरांना विचारा. स्पर्धा आहेत म्हणून शाळेत टिकलेली पोरं तुमच्याही वर्गात होती.

तर आपण काय करायचं? मोठं काही नाही. तुम्ही कॉलेजात असाल तर तुम्ही भरता त्या फीच्या पावतीत क्रीडा शुल्काची ओळ असते. पावती काढा आणि बघा. मग क्रीडा शिक्षकांना किंवा संचालकांना नम्रपणे विचारा, सर, या वर्षीच्या ट्रायलच्या तारखा कधी लागतील? वर्षभराचं वेळापत्रक मिळेल का? मिळालं की फोटो काढून वर्गाच्या, गावाच्या, जुन्या आश्रमशाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. आणि तुम्ही माझ्यासारखे पुण्या-हैदराबादला नोकरी करत असाल, तर आपल्या जुन्या शाळेतल्या एका खेळाडूचं ट्रायलला जायचं-यायचं भाडं आपल्याला परवडतं. एका वीकेंडच्या पिझ्झापेक्षा कमी पडेल. फक्त एकदाच देऊ नका. एकदा दिलं तर ते मिशन होतं, दर वर्षी दिलं तर प्रोग्राम.

माझं काम सांगतो. मी एक साधं वेब पेज बनवतोय, ज्यात या दोन जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या ट्रायलच्या तारखा एका ठिकाणी दिसतील, स्लो नेटवर उघडेल इतकं हलकं. तारखा पाठवायच्या तुम्ही. तुमच्या कॉलेजचं वेळापत्रक हाती आलं की आपल्या नेहमीच्या नंबरवर फोटो टाका. ज्यांच्याकडून येणार नाही, त्यांच्या नावापुढची जागा मी रिकामीच ठेवणार आहे. रिकामी जागा पण माहितीच असते.

चला, आजच्यासाठी इतकंच. हा भाग तुमच्या टीमच्या कॅप्टनला नक्की पाठवा. पुढच्या भागात बोलू आट्यापाट्याबद्दल, विदर्भातला हा खेळ विद्यापीठापर्यंत कसा पोचला, आणि तोवर तुमच्या गावात त्याला काय म्हणतात, कसे नियम आहेत, ते आवाज रेकॉर्ड करून पाठवा. गोंडीत पाठवलं तरी चालेल, माडियात तर धावेल. भेटू!